जुळणारे ठोके, निसटणारी सम

एक गाणे संपत असताना दुसरे अशा बेताने सुरू करायचे की नाचणाऱ्यांच्या पायांचा ठेका चुकू नये, हे डिस्क जॉकीचे, म्हणजेच डीजेचे, मूळ काम आहे. महाराष्ट्रात ‘डीजे’ म्हटले की माणसाआधी मिरवणुकीतील ध्वनिवर्धकांची भिंत डोळ्यांपुढे येते, आणि कोल्हापूर-सांगलीकडे तिलाच ‘डॉल्बी’ म्हणतात. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र त्या भिंतीच्या मागे संगणकावर चालणारे मिश्रणाचे काम आणि ते करणारी ‘मिक्स’ नावाची मुक्त आज्ञावली हा आहे. रोमन लिपीत या नावाच्या अखेरीस ‘एक्स’ हे अक्षर तीनदा लिहिले जाते. विंडोज, मॅकओएस आणि लिनक्स या तिन्ही प्रणालींवर ती चालते, तिच्यासाठी पैसे मोजावे लागत नाहीत, आणि ती ज्या मजकुरापासून तयार होते तो संपूर्ण मजकूर, म्हणजे तिचा स्रोत, कोणालाही वाचता, बदलता आणि पुन्हा वाटता येतो. मोफत असणे हा तिचा सहज दिसणारा गुण असला, तरी तिची बारकाईने चाचणी घेतली असता दुसराच गुण अधिक मोलाचा ठरतो. मिश्रणाचे कोणतेही साधन संगीत कसे असते याविषयी काही गृहीते धरूनच घडवलेले असते. या साधनातील गृहीते उघडी आहेत, आणि ती आपल्या संगीताला कुठे लागू पडतात व कुठे पडत नाहीत हे पारखून पाहण्याची सोय त्यात आहे.

तबकडी, ठोका आणि टक्के

डीजेच्या कामातील अंकगणित साधे आहे. नृत्यसंगीताची लय एका मिनिटात किती ठोके पडतात यावर मोजली जाते आणि त्या संख्येला बीपीएम म्हणतात. 120 बीपीएमच्या गाण्यात दोन ठोक्यांमध्ये 500 मिलिसेकंदांचे, म्हणजे बरोबर अर्ध्या सेकंदाचे अंतर असते. 121 बीपीएमच्या गाण्यात ते सुमारे 495.9 मिलिसेकंद भरते. हा फरक एका ठोक्यापुरता कानाला कळतही नाही, परंतु दोन्ही गाणी एकाच वेळी चालू ठेवली की तो साठत जातो आणि सोळा ठोक्यांनंतर, म्हणजे अवघ्या आठ सेकंदांत, सुमारे 66 मिलिसेकंदांवर पोहोचतो. त्या अवस्थेत दोन ढोल एकमेकांच्या मागेपुढे पडू लागतात, ठोका दुहेरी ऐकू येतो आणि नाचणारा गोंधळतो. म्हणून एका गाण्याची गती किंचित वाढवून किंवा घटवून दुसऱ्याच्या गतीवर आणणे, आणि मग दोघांचे ठोके एकमेकांवर नेमके बसवणे, या दोन क्रियांना मिळून बीटमॅचिंग किंवा ठोक्यांची जुळवणी असे म्हणतात.

न्यूयॉर्कच्या सँक्चुअरी या क्लबात फ्रान्सिस ग्रासो 1960 च्या दशकाच्या अखेरीस हे काम कानाच्या जोरावर करीत असे. कानाला हेडफोन लावून पुढची तबकडी आधी ऐकायची, ती हाताने धरून ठेवायची आणि नेमक्या क्षणी सोडायची, ही त्याची रीत पुढे सर्वत्र रुजली. त्याच शहराच्या ब्राँक्स भागात, 1520 सेजविक ॲव्हेन्यू या इमारतीत, 11 ऑगस्ट 1973 रोजी झालेल्या मेजवानीचा दाखला हिप-हॉपच्या इतिहासात नेहमी दिला जातो. जमैकातून आलेला कूल हर्क तेथे तबकड्या वाजवीत होता. गाण्यातील केवळ तालवाद्यांचा तुकडा, ज्याला ब्रेक म्हणतात, तो एकाच तबकडीच्या दोन प्रती आलटून पालटून वाजवत लांबवण्याचे त्याचे तंत्र त्याच काळात आकाराला आले. ग्रँडमास्टर फ्लॅश याने तबकडीवर रंगीत खडूने खुणा करून तो तुकडा नेमका कोठे सुरू होतो हे डोळ्यांनी ओळखण्याची सोय केली. टेक्निक्स कंपनीचे एसएल-1200 हे यंत्र 1972 मध्ये बाजारात आले आणि त्याची 1979 ची सुधारित आवृत्ती, सरकत्या दांडीने गती अधिक-उणे आठ टक्क्यांपर्यंत बदलण्याच्या सोयीसह, या व्यवसायाचे प्रमाण यंत्र ठरली. आठ टक्क्यांची ही मर्यादा आजही महत्त्वाची आहे, कारण ‘मिक्स’मधील गतीच्या दांडीचा मूळ पल्लाही तेवढाच ठेवलेला असून वापरणाऱ्याला तो हवा तसा वाढवता येतो.

साधनाची मर्यादा संगीताचे रूप कसे ठरवते याचे ठळक उदाहरण गोव्यात सापडते. हणजूणच्या किनाऱ्यावरील रात्रीच्या मेजवान्यांत उष्णता, दमटपणा आणि धूळ यांमुळे तबकड्यांचा निभाव लागत नसे. म्हणून तेथील डीजे आधी कॅसेटवर आणि 1987 मध्ये डॅट ही अंकीय ध्वनिफीत आल्यानंतर तिच्यावर विसंबले. डॅट वाजवण्याच्या लहान यंत्रांत गती बदलण्याची सोय नव्हती, त्यामुळे ठोक्यावर ठोका बसवण्याचा प्रश्नच उद्भवत नसे. एका गाण्याचा ठोकेविरहित शेवट दुसऱ्याच्या ठोकेविरहित आरंभात मिसळून देणे हाच मार्ग उरे. 2023 मध्ये निवर्तलेला गोवा गिल याच परंपरेतला होता आणि तो अखेरपर्यंत डॅट वापरण्याबद्दल ओळखला जाई. गोवा ट्रान्स या संगीतप्रकारात गाण्याच्या आरंभी व अखेरी नुसत्या तरंगत्या स्वरांचे जे लांबलचक पट्टे आढळतात, त्यांच्या मागे या अडचणीचाही हात आहे. न्यूयॉर्कमध्ये यंत्राने जुळवणी शक्य केली म्हणून सलग ठोक्याचे संगीत वाढले. गोव्यात यंत्राने ती अशक्य केली म्हणून ठोका थांबवण्याची जागा गाण्यातच राखली गेली.

कोपनहेगनचे संशोधन, अनेकांचे काम

‘मिक्स’चा आरंभ 2001 मध्ये कोपनहेगन विद्यापीठात झाला. तुए हास्ते आंदरसन हा संशोधक डीजे आणि त्यांची साधने यांचा अभ्यास करीत होता, आणि नव्या पद्धतीचे पडदे व नियंत्रणे प्रत्यक्ष वापरून पाहता यावीत म्हणून त्याला मोडता-जोडता येण्याजोगी आज्ञावली हवी होती. त्याविषयीचा त्याचा निबंध 2003 मध्ये माँट्रिआल येथे भरलेल्या संगीत-साधनांविषयीच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत सादर झाला. तो काळ या व्यवसायाच्या संक्रमणाचा होता: पायोनिअरचे सीडीजे-1000 हे सीडी वाजवणारे यंत्र 2001 मध्ये आले, संगणकातील गाणी खऱ्या तबकडीने फिरवण्याची ‘फायनल स्क्रॅच’ ही पद्धती त्याच सुमारास बाजारात उतरली, आणि ‘सेरातो स्क्रॅच लाइव्ह’ 2004 मध्ये आली. बाजारातील या सर्व आज्ञावल्या बंदिस्त होत्या, म्हणजे त्या आत काय करतात हे वापरणाऱ्याला पाहता येत नसे. ‘मिक्स’ मात्र जीएनयू सार्वजनिक परवान्याखाली, ज्याला जीपीएल म्हणतात, प्रसिद्ध झाली. या परवान्यानुसार आज्ञावली कशासाठीही चालवावी, तिचा स्रोत अभ्यासावा, तो बदलावा आणि वाटावा, अशी मोकळीक मिळते. अट एवढीच की बदललेली आज्ञावली दुसऱ्याला दिली तर तीच मोकळीक त्यालाही द्यावी लागते.

परवान्याच्या या अटीचा परिणाम आज्ञावलीच्या घडणीत स्पष्ट दिसतो. ठोके शोधण्याचे काम करणारा भाग लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातील संशोधनातून आलेला आहे. गाण्याची पट्टी ओळखण्यासाठी इब्राहिम शाथ याने लिहिलेला ‘कीफाइंडर’ वापरता येतो. गती बदलताना सूर कायम ठेवण्यासाठी ‘साउंडटच’ आणि ‘रबरबँड’ ही दोन मुक्त साधने जोडलेली आहेत. आणि खऱ्या तबकडीने गाणे फिरवण्याची सोय मार्क हिल्स याच्या ‘एक्सवॅक्स’ या दुसऱ्या मुक्त आज्ञावलीतून घेतलेली आहे. या शेवटच्या सोयीत तबकडीवर गाणे नसतेच. तिच्यावर एकसारखा उंच सूर कोरलेला असतो. तबकडी ज्या वेगाने फिरेल त्या प्रमाणात तो सूर चढतो वा उतरतो, डाव्या आणि उजव्या वाहिनीतील त्याच्या लहरींच्या क्रमावरून फिरण्याची दिशा कळते, आणि लहरींत गुंफलेल्या खुणांवरून सुई तबकडीवर नेमकी कोठे आहे याचा पत्ता लागतो. संगणक हे सारे वाचून पडद्यावरील गाणे तितकेच पुढे किंवा मागे नेतो. आरंभीच्या संशोधकाचे काम कधीच मागे पडले असून आज ही आज्ञावली जगभरचे स्वयंसेवक सांभाळतात. 2.0 ही आवृत्ती डिसेंबर 2015 मध्ये, 2.3 ही 2021 मध्ये आणि 2.4 व 2.5 या दोन्ही 2024 मध्ये प्रसिद्ध झाल्या.

पडद्यामागे काय चालते

आज्ञावली प्रथम उघडल्यावर संगणकातील गाण्यांचा कप्पा कोणता ते ती विचारते, त्यातील सर्व गाण्यांची सूची तयार करते, आणि निवडलेल्या गाण्यांचे विश्लेषण सुरू करते. विश्लेषणात तीन-चार गोष्टी ठरतात: गाण्याची लय, ठोक्यांच्या जागा, पट्टी आणि जाणवणारा सरासरी आवाज. यांतील शेवटची गोष्ट नवख्या माणसाच्या लक्षात येत नाही, पण ती फार उपयोगी आहे. जुन्या ध्वनिमुद्रणांत हळू आणि मोठ्या आवाजांतला फरक राखलेला असतो, तर अलीकडची गाणी बहुतेक वेळ कमाल पातळीला भिडतील अशी दाबून बसवलेली असतात. त्यामुळे एका पाठोपाठ लावली तर नवे गाणे अंगावर येते. कानाला सरासरी आवाज किती वाटतो हे मोजून प्रत्येक गाणे एका समान पातळीवर आणण्याच्या पद्धतीला रिप्लेगेन म्हणतात, आणि ‘मिक्स’मध्ये ती आपोआप लागू होते.

पडद्यावर दोन, किंवा निवड केल्यास चार, ‘डेक’ दिसतात. डेक म्हणजे तबकडीच्या यंत्राची संगणकातील प्रतिकृती. प्रत्येक डेकवर गाण्याच्या लहरींचे चित्र सरकत असते आणि ठोक्यांच्या जागी उभ्या रेषा आखलेल्या असतात. सिंक हे बटण दाबले की दुसऱ्या गाण्याची गती पहिल्याइतकी होते आणि रेषेवर रेषा बसते, म्हणजे पूर्वी जे कौशल्य वर्षानुवर्षांच्या सरावाने येत असे ते काम क्षणात उरकते. 120 बीपीएमचे गाणे 126 वर न्यायचे असेल तर गती पाच टक्क्यांनी वाढते. तबकडीवर हे केले तर सूरही सुमारे 0.84 अर्धस्वराने चढतो, म्हणजे पांढरी एकमध्ये गायलेले गाणे जवळजवळ काळी एकमध्ये ऐकू येते आणि गायकाचा आवाज ओळखीचा राहत नाही. ‘की लॉक’ ही सोय चालू केल्यास आवाजाचे बारीक तुकडे करून ते अधिक दाटीने मांडले जातात, त्यामुळे गती वाढते आणि पट्टी तीच राहते. मात्र गतीत फार मोठा बदल केल्यास ढोलकीच्या थापेचा धारदारपणा बोथट होतो.

यानंतरचे काम आवाजाच्या तीन पट्ट्यांचे असते: खर्ज, मध्य आणि तार. दोन गाण्यांचे खर्जातील ठोके एकाच वेळी पूर्ण जोराने वाजले तर आवाज गढूळ होतो, म्हणून येणाऱ्या गाण्याचा खर्ज आधी काढून ठेवतात आणि योग्य क्षणी जुन्याचा उतरवून नव्याचा चढवतात. एका गाण्यावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या आडव्या दांडीला क्रॉसफेडर म्हणतात. ती मध्यावर असताना दोन्ही गाणी निम्म्या पातळीवर आली तर एकूण आवाज खचल्यासारखा वाटतो. म्हणून एकूण ध्वनिशक्ती कायम राहील असा दुसरा उतारही निवडता येतो, ज्यात मध्यावर प्रत्येक गाणे सुमारे 71 टक्के पातळीवर असते.

साध्या लॅपटॉपवर या आज्ञावलीची चाचणी घेणाऱ्याला दोन अडचणी येतात. पहिली अशी की श्रोत्यांना एक गाणे ऐकू येत असताना डीजेला पुढचे गाणे हेडफोनमध्ये ऐकावे लागते, आणि त्यासाठी आवाज बाहेर नेण्याचे दोन स्वतंत्र मार्ग हवेत, तर लॅपटॉपला सहसा एकच असतो. यूएसबीला जोडायचे एक साधे साउंड कार्ड घेतले की ही अडचण सुटते. दुसरी अडचण विलंबाची आहे. संगणक आवाज अखंड न पाठवता तुकड्यांनी पाठवतो. सेकंदाला 44,100 नमुने या दराने 1,024 नमुन्यांचा तुकडा घेतला तर त्यालाच सुमारे 23 मिलिसेकंद लागतात, म्हणजे ध्वनिवर्धक आठ मीटर दूर ठेवल्याने जेवढा उशीर होईल तेवढा. तुकडा 256 नमुन्यांचा केला तर विलंब सहा मिलिसेकंदांखाली येतो, परंतु संगणक जुना असेल तर तो वेळेत पुरा पडत नाही आणि आवाजात खरखर किंवा खंड येतो. म्हणून तुकडा लहान करीत जाऊन खरखर सुरू होताच एक पायरी मागे येणे, हीच त्याची योग्य मांडणी ठरते.

समान लयीचे गृहीत

येथवर जे वर्णन केले ते ज्या संगीतासाठी हे साधन घडले, त्या यंत्रनिर्मित नृत्यसंगीताला तंतोतंत लागू पडते. त्या संगीतात लय आरंभापासून अखेरपर्यंत एकच असते, ठोके चार-चारांच्या गटात पडतात, आणि पट्टी पाश्चात्त्य संगीतातील बारा मेजर व बारा मायनर अशा चोवीसांपैकी एक असते. ही तिन्ही गृहीते आपल्याकडील गाण्यांवर पारखली असता साधनाची खरी ओळख होते.

लयीचे गृहीत पहिले. 1950 व 1960 च्या दशकांतील हिंदी आणि मराठी चित्रपटगीते वादक आणि गायक यांना एकत्र बसवून, कोणत्याही यंत्राच्या ठोक्याविना, ध्वनिमुद्रित होत असत. साहजिकच लय श्वासाबरोबर किंचित हलते. समजा, एखादे गाणे 100 बीपीएमवर सुरू होऊन तीन मिनिटांत 104 पर्यंत चढले, आणि आज्ञावलीने सरासरी 102 धरून समान अंतराच्या रेषा आखल्या, तर सुरुवातीच्या भागातच प्रत्येक ठोक्याला सुमारे बारा मिलिसेकंदांची चूक पडू लागते आणि सोळा ठोक्यांत ती ठोक्याच्या जवळजवळ एक-तृतीयांशापर्यंत जाते. सिंकचे बटण या चुकीच्या रेषा प्रामाणिकपणे जुळवते आणि मिश्रण बिघडते. वारकरी भजनातील गजर तर मुद्दाम चढत्या लयीचाच असतो, आणि आरती संथपणे सुरू होऊन द्रुत लयीत संपते. तेथे सरासरी लय ही कल्पनाच निरर्थक ठरते. ‘मिक्स’च्या पसंतीच्या पानावर ‘लय समान आहे असे धरा’ या अर्थाची एक चौकट असते. तिच्यातील खूण काढून टाकली की रेषा समान अंतरावर न आखता प्रत्येक ठोक्याच्या प्रत्यक्ष जागी आखल्या जातात, आणि त्यानंतर जुनी गाणीही बऱ्याच अंशी सोबत चालतात. ज्याला हे गृहीत ठाऊक नाही तो साधन वाईट आहे असे म्हणून सोडून देईल. ज्याला ते सापडले त्याला काम पुढे नेता येते.

दुसरे गृहीत ठोक्यांच्या गटाचे. लय मोजताना आज्ञावली कधी नेमकी दुप्पट किंवा निमपट संख्या सांगते, म्हणजे 70 च्या गाण्याला 140 म्हणते. आणि सहा मात्रांच्या दादऱ्यात तीन-तीनांचे गट असल्याने दीडपट किंवा दोन-तृतीयांश अशी चूकही संभवते. त्यासाठी बीपीएमची संख्या दुप्पट, निमपट, दीडपट, दोन-तृतीयांश, तीन-चतुर्थांश आणि चार-तृतीयांश करण्याची बटणे दिलेली आहेत. यापुढची अडचण मात्र बटणाने सुटत नाही. आज्ञावलीला ठोका कोठे आहे हे कळते, परंतु आवर्तनाचा पहिला ठोका, म्हणजे सम, कोणता हे तिच्या नोंदीत नसते. त्यामुळे चार ठोक्यांच्या नृत्यगीतावर आठ मात्रांच्या केरव्यातील कोळीगीत चढवताना ठोके बिनचूक जुळूनही सम भलत्याच जागी पडू शकते. दादऱ्यातील गाणे असेल तर चार आणि सहा यांची समेवर गाठ दर बारा मात्रांनी एकदाच पडते, आणि रूपकाच्या सात मात्रा असतील तर अठ्ठावीस मात्रांनी. तालाची सवय असलेल्या श्रोत्याला ही विसंगती लगेच खटकते, मग पडद्यावरील रेषा कितीही नीट बसलेल्या असोत. सम ओळखून नेमक्या मात्रेवर गाणे सोडणे हे काम अजूनही डीजेच्या कानाकडेच आहे, आणि ग्रासोच्या काळी ते जितके अवघड होते तितकेच आजही आहे.

तिसरे गृहीत पट्टीचे. ज्यांच्या पट्ट्या एकमेकींच्या जवळच्या आहेत अशी गाणी लागोपाठ लावावीत, या पद्धतीला हार्मोनिक मिक्सिंग म्हणतात आणि त्यासाठी आज्ञावली प्रत्येक गाण्याला चोवीसांपैकी एक चिठ्ठी लावते. भूपावर किंवा मारव्यावर बांधलेल्या गाण्यालाही यांपैकीच एक चिठ्ठी मिळते, आणि ती षड्जाच्या दृष्टीने दिशाभूल करणारी असू शकते, कारण राग ओळखला जातो तो स्वरांच्या चलनावरून, केवळ कोणते स्वर किती वेळा आले यावरून नव्हे. म्हणून अशा गाण्यांना आलेली चिठ्ठी केवळ सूचना मानावी आणि षड्ज पेटीवर लावून पाहावा. चूक आढळल्यास पट्टीची नोंद हाताने बदलता येते.

यंत्राला भाषा शिकवणे

मुक्त स्रोताचा अर्थ सर्वांत लवकर समजतो तो कंट्रोलर जोडताना. कंट्रोलर म्हणजे दोन फिरत्या चकत्या, सरकत्या दांड्या आणि बटणे असलेला फलक. तो स्वतः आवाज निर्माण करीत नाही, केवळ संदेश पाठवतो. हे संदेश बहुधा 1983 मध्ये ठरलेल्या मिडी या संकेताने जातात: तीन संख्या, पहिली संदेशाचा प्रकार सांगणारी, दुसरी बटणाचा क्रमांक आणि तिसरी 0 ते 127 यांमधील मूल्य. कोणता क्रमांक आला की आज्ञावलीने काय करायचे, याची यादी साध्या मजकुराच्या फाइलीत लिहिलेली असते, आणि गुंतागुंतीच्या हालचालींसाठी जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंगच्या भाषेत काही ओळी जोडता येतात. गतीच्या दांडीचे उदाहरण घेतले तर या संख्यांचे महत्त्व कळते. अधिक-उणे आठ टक्के, म्हणजे एकूण सोळा टक्क्यांचा पल्ला 128 पायऱ्यांत वाटला, तर एक पायरी 0.125 टक्क्यांची होते आणि 120 बीपीएमवर ती 0.15 बीपीएमएवढी भरते. कानाने जुळवणी करणाऱ्याला ती जाड पडते आणि ठोके हळूहळू सरकत राहतात. चांगले कंट्रोलर दोन संदेश जोडून 16,384 पायऱ्या पाठवतात, परंतु यादीत तसे लिहिले नसेल तर त्यांचा उपयोग होत नाही. ही यादी उघडून त्या दोन ओळी दुरुस्त करणारा माणूस प्रोग्रामर असावा लागत नाही, आणि त्याने केलेली दुरुस्ती प्रकल्पाकडे पाठवली तर ती पुढील आवृत्तीत तोच कंट्रोलर वापरणाऱ्या सर्वांना मिळू शकते.

मोफत नसलेल्या गोष्टी

या आज्ञावलीच्या मर्यादाही सांगायला हव्यात. मोठ्या क्लबांत पायोनिअरची यंत्रे मांडलेली असतात आणि डीजे ‘रेकॉर्डबॉक्स’ या बंदिस्त आज्ञावलीने तयार केलेली यूएसबी कांडी घेऊन येतो. ‘मिक्स’ तशी कांडी वाचू शकते, परंतु त्या यंत्रांना चालेल अशी कांडी तयार करून देत नाही, त्यामुळे तेथे लॅपटॉप सोबत न्यावा लागतो. मासिक वर्गणीवर गाणी ऐकवणाऱ्या सेवाही तिच्यात जोडता येत नाहीत, कारण त्या सेवांचे कुलूपबंद स्वरूप स्रोत उघडा ठेवण्याच्या अटीशी जमत नाही. गाणी स्वतःजवळ फाइलींच्या रूपात असावी लागतात. चालत्या गाण्यातून गायकाचा आवाज आणि वाद्ये वेगळी काढण्याची जी सोय अलीकडे विकत मिळणाऱ्या आज्ञावल्यांत रूढ झाली आहे, ती 2.5 या आवृत्तीत नाही.

आज्ञावली मोफत असली तरी गाणी मोफत होत नाहीत, हेही ध्यानात ठेवावे लागते. 1957 च्या स्वामित्वहक्क कायद्यातील कलम 52 मध्ये खऱ्याखुऱ्या धार्मिक समारंभातील संगीताला सूट असून लग्नाची वरात आणि लग्नाशी निगडित सामाजिक सोहळे तीत धरलेले आहेत. या सुटीचा अर्थ किती व्यापक घ्यावा यावर वाद होत आले आहेत, आणि त्याविषयी गोवा सरकारने काढलेले परिपत्रक मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने 2024 मध्ये रद्द केले. क्लब, उपाहारगृह किंवा तिकीट लावून केलेला कार्यक्रम यांसाठी हक्कधारकांचा परवाना लागतोच. आवाजाच्या पातळीचेही तसेच: 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे. आज्ञावलीच्या पडद्यावरील आवाजाची सूचक पट्टी केवळ संगणकातून बाहेर पडणाऱ्या संकेताची पातळी दाखवते, त्यापुढे जोडलेली भिंत किती गरजते याचा तिला पत्ता नसतो. ती जबाबदारी सर्वस्वी माणसांवर राहते.

चाचणी कशी घ्यावी

ज्याला या आज्ञावलीचा खरा अंदाज घ्यायचा असेल त्याने निदान तीन प्रकारची गाणी निवडावीत: एक यंत्राच्या ठोक्यावर बांधलेले अलीकडचे नृत्यगीत, एक 1960 पूर्वीचे चित्रपटगीत आणि एक चढत्या लयीचा गजर. पहिल्यावर सिंकचे बटण निर्दोष चालेल आणि साधनावर विश्वास बसेल. दुसऱ्यावर समान लयीची खूण काढावी लागेल आणि साधनाचे पहिले गृहीत कळेल. तिसऱ्यावर सिंक सोडून द्यावे लागेल आणि हात, कान व खर्जाची कळ यांवरच काम भागवावे लागेल. केवळ पहिल्या गाण्यावर चाचणी घेणाऱ्याला विकतची आणि मोफत आज्ञावली यांत किमतीपलीकडे फारसा फरक जाणवणार नाही. उरलेल्या दोन गाण्यांवर तो जाणवतो, कारण बंदिस्त आज्ञावलीत अडले तर तिच्या निर्मात्यांची वाट पाहण्यापलीकडे फारसे काही हाती नसते, तर येथे ठोके शोधणारा भाग कोणत्या फाइलीत आहे हे पाहता येते.

आवर्तनाच्या मात्रा किती आणि सम कोठे, या दोन गोष्टी ठोक्यांच्या नोंदीत सामावून घेणे हे अशक्यप्राय काम नाही. त्यासाठी ताल जाणणारा एक वादक आणि सी-प्लस-प्लस ही प्रोग्रामिंगची भाषा जाणणारा एक प्रोग्रामर यांनी एकत्र बसण्याची गरज आहे. आपल्याकडे दोन्ही प्रकारची माणसे विपुल आहेत, आणि जीपीएलच्या अटींनुसार हे काम सुरू करण्यासाठी त्यांना कोणाचीही परवानगी मागावी लागणार नाही.